शंभर यार्डांच्या बाहेर

विषय : श्री. हणमंतराव, सेवानिवृत्त हेडक्लार्क, यांची तंबाखू कायदेशीर मार्गाने सोडवणेबाबत.

संदर्भ : १) गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून डॉक्टरांनी व्यक्त केलेली चिंता. २) सौ. विनया यांनी याच विषयावर वेळोवेळी दिलेले तोंडी आदेश.

उपरोक्त विषयाची हकीगत अशी. साताऱ्याचे हणमंतराव विमा कंपनीच्या बदलीने जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर तिथल्या मानसरोवर वसाहतीतच राहिले. सातारा सुटला, कंपनी सुटली, तंबाखू तेवढी सुटली नाही. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिले आणि सांगितले, की आज सोडली तर बरे, नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल. हणमंतराव त्या दिवशी जेवले नाहीत. (तंबाखू खाल्ली. विचार करायला तोंडात काहीतरी लागते.)

मनोनिग्रहावर त्यांचा विश्वास नव्हता. परिपत्रक निघाल्याशिवाय कचेरीत कोणी वेळेवर आल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. जे आपणहून होत नाही ते नियमाने होते, आणि नियम तर तयारच होता : शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. दशरथची थडी कोपऱ्यावरच्या शाळेच्या भिंतीला टेकूनच होती. (टपरीला जयपुरात थडी म्हणतात, आतला माल तोच.) ती उठली की पुढचे दुकान थेट मेट्रोच्या पलीकडे. मन दगा देईल, पण तिथवर जायला आपले गुडघे काही तयार होणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

"अहो, त्यापेक्षा दशरथलाच सांगा ना, मला देऊ नकोस म्हणून," विनया म्हणाली.

"तोंडी सांगण्याला आधार काय?"

"आणि शेजाऱ्यांना मी काय सांगू? शाळेतल्या मुलांच्या काळजीनं केलंत म्हणून?"

"मुलांचं भलं होईलच. ते आनुषंगिक आहे."

निदान थडीविरुद्धचा अर्ज निनावी करा, असे तिने सुचवून पाहिले. पण निनावी अर्ज हणमंतरावांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने फाइलबंद केले होते. तेव्हा पूर्ण नाव, पत्ता आणि खाली ठसठशीत सही.

आश्चर्य म्हणजे इन्स्पेक्टर आला. टेप धरायला मात्र त्याच्याबरोबर माणूस नव्हता, म्हणून एक टोक तक्रारदाराच्या हाती आले आणि दुसरे आरोपीच्या.

"बाबूजी, कसके पकड़ना," दशरथ म्हणाला. "ढीला छोड़ा तो लोग कहेंगे, बाबूजी ने मेरा पक्ष लिया."

टेप टाकत, खडूच्या खुणा करत तिघे रस्त्याने पुढे सरकत गेले. शंभर यार्ड भरले ते हणमंतरावांच्या फाटकाशी.

"यहाँ से आगे कानून को कोई ऐतराज़ नहीं," इन्स्पेक्टर म्हणाला आणि मोजणी बरोबर असल्याबद्दल त्याने हणमंतरावांचीच सही घेतली.

संध्याकाळपर्यंत थडी त्यांच्या कंपाउंडला येऊन टेकली. दशरथच्या मनात राग नव्हता, हे सर्वांत वाईट.

"वहाँ धूप बहुत थी, बाबूजी. यहाँ आपके नीम की छाया है. आपकी दया है सब."

बैठकीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की हातात पुडी पडू लागली. पूर्वी त्या निमित्ताने थोडे चालणे तरी होत होते. आता गुडघ्यांना कोणी विचारीनासे झाले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले, ते पूर्वीइतके उघडेना. चट्टाही वाढला होता. त्यांनी तुकडा काढायची तारीख दिली. परतताना रिक्षात विनया एक शब्द बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होते आणि हणमंतरावांना चट्ट्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

"काहीतरी बोल की."

"मी काय बोलू? तुम्ही कायद्याला विचारा."

त्यांनी विचारले. विनया रविवारी बँकवाल्यांच्या आणि लष्करातल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना घरी मराठी शिकवत असे. त्या वर्गाला शाळा म्हणून मान्यता मिळाली, की शंभर यार्ड आपल्या दारापासून मोजावे लागतील, हे त्यांच्या ध्यानात आले.

"शाळा?" विनया म्हणाली. "अहो, ती पोरं मला काकीजी म्हणतात. 'मतलब, आज छुट्टी आहे का' यापलीकडे त्यांचं मराठी गेलेलं नाही."

"म्हणूनच शाळेची गरज आहे."

"थुंकून टाकायला एक मिनिट लागतं, आणि तुम्ही शाळा काढताय."

अर्ज गेला. शिकवणार विनया, पण संस्थाप्रमुख म्हणून नाव हणमंतरावांचे. (हेडक्लार्कच्या वर त्यांना कोणी कधी बसवले नव्हते.) उत्तर लवकर आले. हरकत एकच होती : संस्थेच्या आवारात कोणीही तंबाखूचे सेवन करत नाही, असे संस्थाप्रमुखाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे.

विनयाने ते वाचून दाखवले. हणमंतरावांच्या तोंडाची अवस्था बोलता येण्यासारखी नव्हती. मोरीवर जाऊन, चूळ भरून ते परत आले.

"नोकरीत मी एकही खोटं प्रमाणपत्र दिलेलं नाही."

"मग खरं द्या."

हणमंतरावांनी चष्मा लावून ते पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

"बरं, प्रमुख म्हणून माझं नाव घाला. मी करते सही."

"आवार तेच राहतं, विनया. आणि आवारात मी राहतो."

बातमी खिडकीबाहेर पोचली होतीच. "बाबूजी, स्कूल मंज़ूर हो तो पहले बता देना," दशरथ आपुलकीने म्हणाला. "जाने से पहले आपके लिए महीने भर का माल रख जाऊँगा."

सद्यःस्थिती : तुकडा काढून तपासणीस पाठवला आहे, अहवाल यायचा आहे. शाळेच्या मान्यतेचा अर्ज प्रमाणपत्राअभावी प्रलंबित आहे. प्रमाणपत्र सादर करण्यासाठी अर्जदाराने मुदतवाढ मागितली असून तो अर्जही प्रलंबित आहे.