नातेवाईक नसलेला रस्ता

"सावनेरकडून जाऊ. पचमढी तिकडून जवळ पडते," नानाजींचा मुलगा चेतन म्हणाला.

"सावनेरले बबन राहते," नानाजी म्हणाले.

"मंग काटोलवरून फिरून जाऊ."

"काटोलले तुझ्या मायची मावशी आहे. अजून ठणठणीत आहे."

"वर्धा?"

नानाजींनी नुसता हात झटकला. वर्ध्यात त्यांच्या धकाते मंडळींचे इतके सोयरे होते की नावं घेण्यातही अर्थ नव्हता. चेतननं लॅपटॉपवरचा नकाशा इकडे सरकवला, तिकडे सरकवला. नागपूरच्या चारही बाजूंना रस्ते होते आणि प्रत्येक रस्त्यावर कोणी ना कोणी चहाचं आधण ठेवून बसलेलं होतं.

हुडकेश्वरच्या त्या घरात चाललेला बेत साधा नव्हता. लोक कुठे जायचं ते आधी ठरवतात. नानाजी कुठून जायचं नाही ते ठरवत होते. 'गावावरून गेले अन् घरी नाही आले' हा आरोप त्यांच्या सोयऱ्यांमध्ये चोरीपेक्षा मोठा मानला जाई. चोराला माफी असते, घरावरून पुढे गेलेल्याला नाही. त्याचं नाव पुढच्या तीन लग्नांत निघतं.

लग्नानंतर नानाजी बायकोला घेऊन पचमढीला निघाले होते. वाटेत पांढुर्ण्याला मावशीकडे पाच मिनिटं थांबले. चहा झाला, चहानंतर "जेवल्याशिवाय कसे जाता" झालं, जेवल्यावर "आता उन्हाचं कुठी निघता" झालं, आणि सगळी सुट्टी पांढुर्ण्यात संपली. नव्या नवरीनं चार दिवस मावशीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलला. परत आल्यावर लोकांनी पचमढी कशी होती विचारलं, तर नानाजी म्हणाले, "थंड." पुढे चिखलदरा परतवाड्यातच संपलं, कारण तिथे चुलतभावाच्या घरी बारसं निघालं. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, संसारात अर्धा विदर्भ पाहिला होता, पण सगळा ओट्यापाशी उभं राहून.

मग कोरोना आला. कोणी कोणाकडे जाईना. इतवारीतलं नानाजींचं साड्यांचं दुकान बंद होतं, उघडलं, पुन्हा बंद झालं. दोन वर्षांनी रस्ते मोकळे झाले, दोन्ही डोस झाले, तेव्हा एके दिवशी ताट वाढता वाढता मैनाबाई म्हणाल्या, "मले एक जागा दाखवा, जिथं आपलं कोणीच नाही. दुसरं मी काही मागत नाही."

त्यांनी इतक्या वर्षांत खरंच काही मागितलं नव्हतं. "दाखवतो," ते म्हणाले. "या खेपेला शब्द आहे माझा."

चेतननंच मग तोड काढली. पलंग, गॅस, बेसिन, फ्रीज, अगदी संडाससुद्धा आत असलेली कॅम्पर व्हॅन नागपुरात भाड्यानं मिळू लागली होती. घरच सोबत असल्यावर कोणाच्या घरी थांबायचं कारणच उरत नव्हतं. राहता राहिला रस्ता. खूप खल झाला, पचमढी सोडून द्यावी लागली आणि शेवटी उमरेड रोड ठरला. भिवापूरच्या पुढे जंगलाच्या कडेला एक तलाव होता. नानाजींनी आठवून आठवून पाहिलं, तलावावर आपलं कोणी नव्हतं.

"पण उमरेडले शोभाताई?" मैनाबाईंनी विचारलं.

शोभाताई म्हणजे नानाजींची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर घरच्या हातमागावर बसून तिनंच नानाजींना वाढवलं होतं. तिच्या घरावरून पुढे जायचं म्हणजे देवळाकडे पाठ करून जायचं. नानाजी म्हणाले, "आता बायपास झाला आहे वं. गावात शिरायचंच नाही. तिले मालूमच पडणार नाही. चेतन, कोणाजवळ एक शब्द बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली आणि गुप्तता तिथेच संपली. चेतननं 'छोटीशी' म्हणून सांगितलेली ती गाडी गल्लीत शिरली तेव्हा दोन्हीकडच्या स्कूटर आत घ्याव्या लागल्या. पांढरीशुभ्र, उंच, बाजूला निळा पट्टा, खिडक्यांना पडदे. शेजारचा जितेंद्र लगेच बाहेर आला. त्याची सासुरवाडी उमरेडची, हे नानाजींना आठवलं.

"हे काय आहे जी नानाजी?"

खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत उमरेडला कळणार. नानाजींनी गाडीकडे पाहिलं. पांढरा रंग, निळा पट्टा, उघड्या दारातून दिसणारा फ्रीज. बूस्टर डोसच्या त्या दिवसांत अशी गाडी दिसली की माणसाला एकच गोष्ट सुचायची.

"लसीची गाडी आहे," नानाजी म्हणाले.

"तुमच्या घरापुढं?"

"सावली आहे म्हणून."

जितेंद्र आत गेला. तो ऐकून गप्प बसला, असं नानाजींना वाटलं. पण तो आधार कार्ड आणायला गेला होता. त्याच्या मागोमाग समोरची गोपिका आली, तिची सासू आली, कोपऱ्यावरचे दोघे-तिघे आले. बघता बघता गाडीच्या दाराशी रांग लागली. गोपिकाच्या सासूबाईंना उभं राहवेना, म्हणून त्या बाही वर करून गाडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"लस संपली," नानाजींनी जाहीर केलं.

"मंग फ्रीजमंधी काय आहे?" जितेंद्रनं विचारलं.

आत सामान लावत असलेल्या मैनाबाईंनी खिडकीतून उत्तर दिलं, "दही." त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि कोणी त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

"लसीच्या गाडीत दही काहून?"

"डॉक्टरले जेवण लागत नाही का बाप्पा?" नानाजी कावून म्हणाले.

हे लोकांना पटलं. पटलं म्हणूनच ते हलेनात. मग उद्या कधी येऊ, गाडी उद्या कुठे असणार, असे प्रश्न सुरू झाले. नानाजींच्या डोक्यात दोन दिवसांपासून एकच गोष्ट घोळत होती, ती तोंडातून निघून गेली. "उद्या सकाळी उमरेड. बायपासवर."

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. पण जितेंद्रची बायको तेव्हाच फोन कानाला लावून घरात शिरली होती.

सकाळी निघताना मैनाबाईंनी नवी साडी नेसली होती. त्या खिडकीपाशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या, एखादी मुलगी बघते तशा. इतक्या वर्षांत त्यांच्या मांडीवर प्रवासात कधी काही नाही असं झालं नव्हतं, कोणासाठी लाडू, कोणासाठी पापड, काहीतरी डबा असायचाच. आज हात रिकामे होते. नानाजींना ते बघून बरं वाटलं आणि आपण हे आधीच का केलं नाही, याची लाजही वाटली.

उमरेड जवळ आलं तसे त्यांनी पडदे ओढले आणि स्वतः पलंगावर आडवे झाले.

"बाबा, तुम्ही काहून झोपले? पडदे लावले ना आपण?"

"तू समोर पाहून गाडी चालव गा."

गाडी बायपासला लागली. थोडी पुढे गेली आणि थांबली.

"काय झालं?"

"बाबा," चेतन हळूच म्हणाला, "रस्त्यावर माणसं उभी आहेत. हात दाखवून राहिले."

नानाजींनी पडद्याची कड जराशी बाजूला केली. बायपासच्या कडेला पंधरा-वीस लोक आधार कार्डं घेऊन उभे होते. सगळ्यांच्या पुढे, डाव्या हाताची बाही वर करून, शोभाताई.

दार उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"नाना?" शोभाताईंनी भावाला खालून वरपर्यंत पाहिलं. "तू लस टोचायले कधीपासून लागला?"

नानाजी काही बोलायच्या आत त्या आत चढल्या. त्यांनी पलंगावर हात फिरवला, गॅस पाहिला, बेसिनची तोटी सुरू करून बंद केली. "हे तं घर आहे," त्या म्हणाल्या.

लोकांत कुजबुज झाली. चेतननं खाली उतरून सगळ्यांची माफी मागितली आणि लस सरकारी दवाखान्यातच मिळेल असं समजावलं. लोक बडबडत पांगले. त्यातल्या एका आजोबांनी, एवढ्या लांब आलोच आहोत तर, म्हणून गाडीतला संडास तेवढा वापरून घेतला आणि चांगला आहे असा अभिप्राय दिला.

मग गाडीत घरचीच माणसं उरली.

"म्हणजे तू माझ्या घरावरून तसाच पुढं चालला होता," शोभाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून नानाजींना जास्त लागलं.

"नाही वं ताई. तुले घ्यायलेच आलो होतो."

"बायपासवरून?"

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. मैनाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. पांढुर्ण्यात, लसणाच्या ढिगापुढे बसलेली ती नवी नवरी नानाजींना स्पष्ट दिसली. आता शोभाताई म्हणणार, घरी चला, चहा घ्या, आणि सगळं पुन्हा तसंच होणार. बहिणीला नाही म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि बायकोला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. तलाव पुढे कुठेतरी होता आणि तो आता पचमढीइतकाच दूर गेला होता.

"कुठी चालले तुम्ही?" शोभाताईंनी विचारलं.

उत्तर मैनाबाईंनी दिलं. मान न वळवता म्हणाल्या, "ताई, जिथं आपलं कोणी नाही तिथं."

शोभाताईंनी भावजयीच्या नव्या साडीकडे, रिकाम्या हातांकडे पाहिलं. नानाजी जमिनीकडे बघत राहिले.

"चेतन," शेवटी शोभाताई म्हणाल्या, "मले घरी सोड बरं जरासं. पिशवी भरते, कुलूप लावते अन् येते."

"तू येतं?" नानाजींना खरं वाटेना.

"काहून, जागा नाही का? उमरेडवरून जाणारा हरेक माणूस माझ्या घरी जेवून पुढं गेला. पचमढीवाले जेवले, तिरुपतीवाले जेवले. मी कुठं गेली, सांग बरं?"

नानाजींनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना बहीण स्वयंपाकघराच्या पलीकडे कुठेच आठवली नाही. मैनाबाईंनी आता मान वळवली होती. त्या सरकल्या आणि खिडकीपाशी नणंदेसाठी जागा करून दिली.

शोभाताईंची पिशवी भरून कुलूप लागेपर्यंत दुपार टळली. भिवापूर आलं तेव्हा शोभाताईंनी स्वतःच उठून पडदे ओढले. तिथे त्यांच्या लेकीचं सासर होतं. "हॉर्न वाजवू नोको," त्यांनी चेतनला बजावलं.

तलावाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकावरचा चौकीदार सोडला तर खरंच कोणी नव्हतं. पाणी होतं, झाडं होती, पलीकडच्या काठावर बगळे होते. मैनाबाई खाली उतरल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. काय करावं ते त्यांना कळेना आणि काही करायचं नाही हे कळल्यावर त्या हसल्या. चेतननं घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि आत जाऊन झोपला. दोघी नणंद-भावजया पाण्याकडे तोंड करून बसल्या.

नानाजीही बसले. शब्द पाळल्याचं समाधान त्यांना झालं, पण ते फार वेळ पुरलं नाही. कोणी विचारपूस करत नव्हतं, कोणी आग्रह करत नव्हतं. त्यांना ते शांत वातावरण टोचू लागलं. पाय मोकळे करतो म्हणून ते उठले आणि फाटकावरच्या चौकीदाराकडे गेले.

"गाव कोणतं जी तुमचं?"

"पवनी."

"आडनाव?"

"निपाणे."

"कोणते निपाणे?" नानाजींचा चेहरा उजळला. "ते टाकीजवळचे का?"

एक बिडी संपायच्या आत निष्पन्न झालं की चौकीदाराचा आतेभाऊ हा नानाजींच्या चुलतभावाचा जावई लागतो. नानाजी आनंदानं परत फिरले आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोवर चौकीदार त्यांच्या मागोमाग आलाच होता.

"बाई," तो मैनाबाईंना म्हणाला, "घर इथंच आहे मागं. बायकोनं स्वयंपाक टाकला. आता घरचे माणसं दारावर आले अन् तसेच राहिले तं बरं दिसते का?"

नानाजी बायकोकडे बघू लागले. आता बायको उठेल, पदर खोचेल आणि कोणाच्या तरी ओट्याशी जाऊन उभी राहील. आजवर तसंच होत आलं होतं.

मैनाबाई उठल्या नाहीत. "भाऊजी, तुम्ही यायले घेऊन जा," त्या नानाजींकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाल्या. "नातं तुमचं यायच्याशी निघालं. आमचं इथं कोणी नाही."

शोभाताईंनी मान डोलावली आणि पाण्याकडे बघत राहिल्या.

नानाजी एकटे जेवायला गेले. चौकीदाराच्या ओसरीत त्यांना पाट मिळाला, वांग्याची भाजी मिळाली, आग्रह मिळाला. उघड्या दारातून तलावाचा काठ दिसत होता. दोन पाठमोऱ्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि मधूनच हसण्याचा आवाज येत होता. मैनाबाई इतक्या मोठ्यानं हसतात हे नानाजींना माहीत नव्हतं.

चौकीदाराची बायको आणखी एक भाकर घेऊन आली. "बाई नाही आल्या जेवायले?"

नानाजींनी दाराकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "ते बाहेरगावी गेली आहे."