एकोणतिसावी निरी

हिवरगाव कॅम्पची ख्रिस्ती मंडळी दर बारा वर्षांनी आपल्या पाळकाच्या किल्टच्या निऱ्यांमध्ये बसून जिल्ह्याच्या गावी हजेरी द्यायला जाते. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले पुरुष नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा लोकरी पोशाख. पुढून सपाट, मागे निऱ्या. हिवरगावच्या किल्टला निऱ्या अठ्ठावीस आणि मंडळीत कुटुंबं अठ्ठावीस, त्यामुळे आजवर कधी अडचण आली नव्हती.

चर्चची जमीन दीडशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश पलटणीने दिली आणि देताना अट घातली. दर बारा वर्षांनी, संत अंद्रियाच्या दिवशी, पाळकाने संपूर्ण डोंगरी पोशाखात समारंभाला यावं आणि मंडळीने हजेरी द्यावी. पलटण निघून गेली, अट मागे राहिली. ती आता जिल्ह्याच्या पोशाख कचेरीच्या ताब्यात आहे. समारंभाला मंडळीसाठी खुर्ची एकच असते, तेव्हा सगळ्यांनी निऱ्यांत बसून जायचं हे ओघानेच आलं. नाव पुकारलं की निरीतून 'हजर' म्हणायचं. ज्याने म्हटलं तो पुढची बारा वर्षं हिवरगावचा. ज्याने नाही म्हटलं तो कुठून तरी आलेला.

यंदा पाळक होती रेव्हरंड सुवार्ता भिंगारदिवे. वय एकतीस, बदली होऊन इथे आल्याला चौदा महिने, घरी नवरा आणि पदरात सात महिन्यांची मुलगी, तबिथा. मंडळीतले बहुतेक लोक तिला पाळकबाई म्हणत. दोन म्हातारे सवयीने पाळकसाहेब म्हणत, आणि तीही सवयीने ओ देई.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर तिने पंच कमिटीपुढे विषय काढला. आम्ही तिघं कोणत्या निरीत बसायचं, एवढंच तिने विचारलं. विचारताना तिचा आवाज उपदेश करतानापेक्षा बराच लहान झाला, हे तिच्या तिलाच ऐकू आलं.

सेक्रेटरी बर्नबा कसोटे एसटीच्या डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे निऱ्यांचं वाटप त्यांच्याकडे. त्यांनी नियमांची वही उघडली, चष्मा पुसला.

"पाळकाला निरी नसते, पाळकबाई. पाळक किल्ट नेसतो."

"आणि पाळकाच्या घरच्यांना?"

"ते क्वार्टरवर थांबतात. मागच्या पाळकीणबाई तर आम्ही परत येईपर्यंत सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवायच्या."

यात टोमणा नव्हता, नुसती माहिती होती. कसोट्यांच्या एस्तेरबाईंनी मात्र मधला मार्ग सुचवला. बाळ आमच्या निरीत बसवा, हाताएवढं तर आहे. पण कसोट्यांच्या निरीत बसलेलं मूल रजिस्टरात कसोटे म्हणून चढतं, ही गोष्ट वहीत स्पष्ट होती.

"मग काय झालं, आडनाव काही वाईट नाही आमचं," एस्तेरबाई म्हणाल्या, आणि कमिटी हसली. सुवार्ताही हसली. मग तिने वही मागून घेतली आणि घरी नेली.

तिला हसून सोडून देता येण्यासारखं हे नव्हतं. ती स्वतः पाळकाची मुलगी. बापाच्या बदल्यांमागे सात गावं, सात शाळा. प्रत्येक शाळेच्या फॉर्मवर 'मूळ गाव' असा रकाना, आणि त्यात तिचे वडील एक आडवी रेघ मारायचे. पुढे ती स्वतः मारायला लागली, पट्टी धरून, सरळ. आपण कुठल्या, असं लग्नाच्या वेळी सासरच्यांनी विचारलं तेव्हा तिला क्षणभर पट्टीच आठवली. तबिथाच्या जन्माच्या दाखल्यावर दवाखान्यातल्या बाईने तोच प्रश्न विचारला, तेव्हा सुवार्ताने टाके दुखत असतानाही ठरवलं होतं की ही रेघ आपल्यापाशी संपली. कशी संपवायची ते अर्थातच ठरवलं नव्हतं. तिच्या ठरवण्यात हा भाग नेहमी राहून जाई.

सोमवारी दुपारी पेटीतून किल्ट निघाला. निळ्या-काळ्या चौकड्यांचा, पाळकांसाठी राखलेल्या नक्षीचा, डांबरगोळ्यांच्या वासाने जड झालेला. सोबत काळा कोट, पांढरी कॉलर, लांब मोजे, पुढे बांधायची केसाळ कातडी पिशवी आणि उजव्या मोज्यात खोचायची छोटी सुरी. सुरी तिने ताबडतोब कपाटावर ठेवली, कारण तबिथा नुकतीच रांगायला लागली होती. पाळकाच्या पायात सुरी कशाला हवी, हे तिने कमिटीला आधीच विचारून झालं होतं. यादीत आहे, असं उत्तर मिळालं होतं.

नवरा अनुग्रह सरकारी लॅबमध्ये रक्त तपासायचा. त्या दिवशी त्याने रजा घेतली होती आणि तो बाळाला मांडीवर घेऊन वही वाचत होता. सुवार्ता कपाटाच्या आरशासमोर किल्ट गुंडाळायला लागली. निऱ्या मागे आल्या. पुढे दोन सपाट पदर एकावर एक आले, एक आतला, एक बाहेरचा. आणि मग, पट्टा आवळण्याआधी, तिच्या बोटांनी सवयीप्रमाणे आतला पदर चिमटीत धरला आणि बेंबीपाशी एक निरी घातली.

ती आरशात बघत राहिली. रोज सकाळी साडी नेसताना हे बोटं आपोआप करतात. दीडशे वर्षं हा किल्ट ज्यांनी नेसला, त्यांतल्या एकानेही कधी साडी नेसली नव्हती. पुढे निरी घालता येते हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

"अनुग्रह, अठ्ठावीस निऱ्या कुठे असाव्यात म्हणून लिहिलंय?"

"मागे."

"पुढे किती?"

त्याने पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं. "पुढचं काही नाही. फक्त वरचा पदर सपाट हवा. त्यावर पिशवी."

एक निरी म्हणायला हातभरच कापड होतं. तिघांना ते कमी पडलं असतं. पण आतल्या पदराची कड जाड लागत होती, म्हणजे कापड आत दुमडून शिवलेलं असणार. सुवार्ताने कपाटावरून सुरी काढली, टाके एकेक करून उसवले. आतून अजून दोन वीत लोकर निघाली, दीडशे वर्षांत उजेड न पाहिलेली, नवीकोरी. ती लगेच खूश झाली आणि लगेच घाबरली. आत हवा खेळेल का? ऊब जास्त झाली तर? तिने निरी घालून आत गजराचं घड्याळ आणि थर्मामीटर ठेवलं आणि दोन तास घरभर फिरली. घड्याळ बरोबर वेळ दाखवत बाहेर आलं. मग अनुग्रह जाऊन आला.

"उभं राहता येत नाही," त्याने सांगितलं, "पण मांडी घालून बसता येतं. आणि शेजारी कोणी नाही, हे चांगलंय."

नव्या निरीसाठी पोशाख कचेरीत अर्ज करावा लागतो. त्यात कुटुंबप्रमुखाचं नाव हवं होतं. क्वार्टर तुझ्या नावावर मिळालंय तर तूच लिही, असं अनुग्रह म्हणाला, आणि तिने स्वतःचं नाव लिहिलं. मूळ गावाच्या रकान्यात तिने 'हिवरगाव कॅम्प' लिहिलं. तिचं अक्षर तिथे जरा वाकडं आलं.

कसोटे सायकलवरून येऊन निरी पाहून गेले. टेपने मोजली, वरचा पदर सपाट बसतो का ते चार पावलं मागे जाऊन पाहिलं. पाळकाला निरी नसते हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं आणि अर्जाखाली लिहिलं: निरी आढळली. जबाबदारी पाळकबाईंची.

तीस तारखेला सकाळी सात वाजता मंडळी आत बसली. चपला बाहेर, तेलकट खाणं नाही, शिंक आली तर रुमाल. गायकवाडांचं एकत्र कुटुंब डावीकडे असल्याने किल्ट थोडा डावीकडे ओढतो, हे पेटीवरच लिहिलेलं होतं. शेवटी अनुग्रह तबिथाला घेऊन पुढच्या निरीत शिरला. सुवार्ताने पदर सारखा केला, पिशवी बांधली, सुरी मोज्यात खोचली आणि एसटी पकडली. बसायला जागा होती, पण ती दीड तास उभी राहिली. इतक्या लोकांवर बसणं तिला बरं वाटेना.

मैदानावर मांडव होता. खुर्चीला मंडळीच्या नावाची चिठ्ठी लावली होती. खुर्चीवर अर्थात कोणी बसत नाही, पाळक शेजारी उभा राहतो. पोशाख निरीक्षक श्री. दाणी हातात यादी घेऊन आले. कॉलर, कोट, पिशवी, मोजे, सुरी, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. मग ते मागे गेले आणि नावं पुकारायला लागले. अठ्ठावीस निऱ्यांतून हजर, हजर, असे आवाज आले, म्हातारे, पोरंटोरं, एक ठसका. कसोट्यांचं हजर फलाटावरच्या घोषणेसारखं आलं.

दाणी पुढे आले. अर्ज काढला.

"एकोणतीस. भिंगारदिवे. कुटुंबप्रमुख?"

"मीच."

"कुटुंबप्रमुखाने हजेरी निरीतून द्यायची असते, मॅडम."

"मी किल्ट नेसलेय, साहेब."

"ते मी पाहतोय," दाणी सौम्यपणे म्हणाले.

मिस्टर आत आहेत, त्यांनी दिली तर चालेल का, असं तिने विचारलं. अर्जावर ते सदस्य आहेत, दाणी म्हणाले. दुरुस्तीचा अर्ज जरूर करा, तो पुढच्या समारंभाला विचारात घेऊ.

पुढच्या समारंभाला तबिथा साडेबारा वर्षांची झाली असती. पट्टी धरून रेघ मारायला आलेली असती. सुवार्ता जागची हलली नाही. मी इथेच उभी आहे, काहीतरी मार्ग काढा, असं तिने दाण्यांना सांगितलं. सांगताना आपला आवाज लहान झाला नाही, हे तिला नंतर आठवलं.

दाणी घड्याळाकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून, सहाव्या निरीतून, कसोट्यांचा आवाज आला.

"साहेब, पाळकाने बाहेरच थांबावं, असं नियमात कुठं आहे?"

दाण्यांनी यादीची पानं चाळली. त्यांना वेळ लागला, कारण ते प्रत्येक ओळ वाचत होते.

"तसं नाही," ते शेवटी म्हणाले. "संपूर्ण पोशाख खुर्चीशेजारी उभा असावा, असं आहे."

"मग राहील की उभा. दीडशे वर्षांची सवय आहे त्याला. जा पाळकबाई, खोळंबा नको."

सुवार्ताने पिशवी बाजूला सारली, वरचा पदर उचलला आणि रिक्षात बसतात तशी आत शिरली, आधी पाय, मग डोकं. सुरी मोज्यात बाहेरच राहिली हे एका अर्थी बरं झालं. आत ऊब होती, निळसर उजेड होता, डांबरगोळ्यांचा वास होता. अनुग्रह सरकला. तबिथा नव्या लोकरीची कड चोखत होती. सुवार्ताने तिला मांडीवर घेतलं.

"हजर," ती म्हणाली, आणि पाठोपाठ अनुग्रहही म्हणाला.

बाहेर शिक्का उमटल्याचा आवाज आला. पाच वर्षांखालचे सदस्य प्रमुखाच्या हजेरीत मोजले जातात, असं दाण्यांनी वाचून दाखवलं आणि ते पुढच्या खुर्चीकडे गेले.

समारंभ आणखी तासभर चालला. भाषणं झाली, बँड वाजला. सुवार्ताने तबिथाला पाजलं, पाठीवर थोपटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच ती मंडळीच्या पुढे उभी नव्हती. मागून गायकवाडांचं कुजबुजणं येत होतं, एस्तेरबाई कोणाला तरी पाय आवरायला सांगत होत्या. मग सगळं हलकेच हललं आणि एका चालीत पुढे जायला लागलं.

थोड्या वेळाने मागच्या निऱ्यांकडून लोकरीवर टकटक झाली.

"पाळकबाई, जागा पुरते ना?" कसोटे विचारत होते.

"पुरते."

"बरं." पुन्हा एक टकटक. "तुम्ही आत. मग चालतंय कोण?"

सुवार्ताने पदराची कड बोटभर उचलून पाहिलं. खाली रस्ता मागे जात होता. मोजे वर ओढलेले होते, बूट एकामागून एक नीट पडत होते.

"बरोबर चाललंय," ती म्हणाली.

"चौक आला असेल. स्टँड डावीकडे आहे, तेवढं सांगा."

तिने कडेतून तसं सांगितलं. किल्ट चौकात थांबला, एक ट्रक जाऊ दिला, आणि डावीकडे वळला.