बिबट्याच्या जुन्या घरातली बालवाडी

एका जंगलात, बाळांनो, जनावरं कमी आणि नियम जास्त होते. गप्प बसून ऐका, एकमेकांच्या शेपट्या ओढू नका.

तिथे वच्छीताई नावाची सायाळ राहायची. तिचं एक भलंमोठं बीळ होतं, त्यात ती कंदमुळं साठवायची. आयाबाया चरायला गेल्या की सशाउंदरांची पोरं उघड्यावर खेळायची, आणि घार त्यातलं एखादं अलगद उचलून न्यायची. वच्छीताईचा जीव तुटायचा. शेवटी तिने ठरवलं, कंदमुळं गेली चुलीत, बिळात बालवाडी काढायची.

पण कोठाराची बालवाडी करायची म्हणजे वापरात बदल! तो तपासायला खात्याचे धनेशराव आले. धनेश पक्षी. पिल्लांच्या वेळी बायकोला ढोलीत लिंपून टाकायचं आणि फटीतून खाऊ घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. दारांचं खातं अर्थातच त्यांच्याकडे होतं.

"कंदांपेक्षा पोरांचा धोका जास्त," ते म्हणाले. "कंदांना पळावं लागत नाही. दुसरं दार हवं."

"एवढंच ना? आत्ता खणते."

"अहो, थांबा! जुन्या बिळाला नख लावलंत की सगळं बीळ नव्या नियमांत येतं. मग छत उंच करा, वाट रुंद करा, उतार बदला. तोवर ही पोरं आजोबा होतील."

"मग तोवर घारीच्या तोंडी द्यायचं का त्यांना?"

धनेशरावांना दया आली. दया आली की ते हळू आवाजात बोलत. "हे बघा, नियम फक्त तुलना करतो. आधीचा वापर जास्त धोक्याचा असेल, तर नव्यासाठी काहीच करावं लागत नाही. आपण लिहू, इथे आधी बिबट्या राहायचा."

"बिबट्या? माझ्या बिळात? काहीतरीच काय!"

"कागदावर हो! बिबट्या जाऊन बालवाडी आली, म्हणजे धोका घटला. दुसऱ्या दाराची गरजच नाही."

वच्छीताईला काही हे पटलं नाही. पण वर घार घिरट्या घालत होती. तिने पंजा उमटवला. सागाच्या भल्या थोरल्या पानावर भोगवटा प्रमाणपत्र मिळालं: बीळ सुरक्षित.

बालवाडी झकास सुरू झाली. इकडे खात्याने रीतसर जाहीर सूचना वडावर लावली. ती बिबट्याने वाचली. आपलं एक जुनं घर आहे आणि त्यात हल्ली कोवळी पोरं बसतात, हे कळल्यावर त्याला अगदी गहिवरून आलं. तो तडक निघाला.

"घरमालक आहे," तो बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणाला. "आत येऊ ना?"

वच्छीताईची पाचावर धारण बसली. दार एकच, आणि दारात हा! ती गर्रकन फिरली, काटे फुलवून दारात घट्ट बसली आणि ओरडली, "पोरांनो, मागची भिंत खणा! पुढचं मी बघते!"

पोरांनी धडाधड माती उपसली. बिबट्याने पंजा घातला, काटे भरून घेतले आणि बोंबलत गेला. तोवर अख्खा वर्ग मागून पसार झाला होता. एकूण एक पोर वाचलं.

दुसऱ्या दिवशी धनेशराव आले. पोरं वाचल्याचं ऐकून त्यांना फार आनंद झाला. भिंतीतलं भगदाड बघून तो गेला.

"हे अनधिकृत दार! आजच्या आज बंद झालं पाहिजे. बाकी बिबट्या येऊन गेला ते बरं झालं हं. आमची नोंद खरी ठरली."

वच्छीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गेल्यावर तिने प्रमाणपत्राचं पान उचललं आणि भगदाडावर ताणून बसवलं.

संध्याकाळी धनेशराव पुन्हा आले. भिंत बघून खूश झाले. स्वतःच्या सहीमागे बघायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी वच्छीताईने पहिला धडा घेतला. "धोका दिसला की काय करायचं?"

"प्रमाणपत्र फाडायचं आणि पळायचं!" पोरं एका सुरात ओरडली.

तात्पर्य: बाळांनो, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नेहमी पानावरच मागून घ्यावं. दगडावर कोरलेलं असलं की ऐन वेळी फाटत नाही.