मागे पडलेल्यांची पात

आमच्या साकोलीच्या मॅरेथॉनमध्ये दरवर्षी एक माणूस उलटा धावतो. उलटा म्हणजे पाठमोरा नव्हे. सगळे एकोडीकडे तोंड करून धावत असतात, तेव्हा हा गडी एकोडीकडून साकोलीकडे धावत येत असतो! आधी सगळ्यांच्या पुढे सुसाट जातो, आणि मागची पोरं त्याला गाठणार तेवढ्यात गर्रकन वळून ज्याला त्याला विचारत सुटतो, "मांगं कोन हाय? मांगं कोनी रायलं काय?"

हे शालिकभाऊ, एकोडीचे. साठी ओलांडलेले, काटक, अर्ध्या चड्डीवर बनियन, डोक्याला दुपट्टा, आणि चड्डीचे दोन्ही खिसे उकडलेल्या शिंगाड्यांनी फुगलेले. रस्त्यात कोणी मटकन बसला की त्याच्या हातावर शिंगाडा ठेवायचा आणि तो चावून होईपर्यंत शेजारी बसून राहायचं.

मी शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे या स्पर्धेचं ओझं माझ्याच डोक्यावर. शर्यत दहा किलोमीटरची, साकोलीहून एकोडीच्या रस्त्यानं पाच जायचं आणि वळून परत साकोलीला यायचं. मॅरेथॉन आपलं म्हणायला. खरं सांगतो, या माणसानं मला अनेकदा रडकुंडीला आणलं आहे. बक्षिसं वाटून होतात, पाहुणे पोहे खाऊन गाडीत बसतात, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालायला लागतो, आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभा! का, तर शालिकभाऊ अजून रस्त्यावर आहेत, कोणातरी दमलेल्याला घेऊन.

"भाऊ, तुम्ही पहिले येऊ शकता. कायले असं करता?" मी एकदा चिडून विचारलं.

"पयले येऊन काय करू जी? तिथं एकटाच उभा राहू काय?"

मॅरेथॉनला ते 'म्याराधान' म्हणतात. आमच्या मुलखात कुठल्याही शब्दात धान शिरतं, त्याला इलाज नाही. पण शालिकभाऊंच्या लेखी ही खरोखरच धानाची कापणी असते. कापणीला बाया-माणसं ओळीनं उभी राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला धानाचा एक पट्टा, तीच त्याची पात. एखादीची पात मागे पडली, तर शेजारचा आपली सोडून तिची थोडी कापून देतो, म्हणजे सगळे बरोबरीनं बांधाशी पोचतात. शालिकभाऊ याला पात ओढणं म्हणतात. धापा टाकणाऱ्या माणसाला खांद्याला धरून ते आणतात आणि मला सांगतात, "मास्तर, याची पात मांगं पडली होती. ओढून आनली."

एका वर्षी तर कहर झाला. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन एक माणूस आपल्या गावाकडे चालला होता. शालिकभाऊंना तो मागे पडलेला वाटला. डबा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला, त्याला शिंगाडा दिला आणि हाताला धरून जो ओढत आणला! तो बिचारा वाटभर सांगत होता, "अवो, मी त्यातला नाही जी! मी घराकडं जाऊन राहिलो!" आणि हे म्हणत होते, "थकलं का मानूस असंच म्हन्ते. चाल, आलंच आता." आम्ही टाळ्या वाजवून त्याच्या गळ्यात मेडल घातलं. गिरणी आमच्या मंडपासमोरच होती. जिथून निघाला होता तिथंच तो पीठ घेऊन परत आला.

यंदा मात्र आम्ही टेम्पो लावला. रस्ता तरी किती वेळ अडवायचा? ठरल्या वेळेला जो मागे राहील, त्याला टेम्पोत बसवून आणायचं असं ठरलं. शालिकभाऊंना सांगितलं तर ते संतापलेच.

"मांगं रायलं त्याले भरून आनता? धानाचे बोरे हायेत काय ते? माझ्यासोबतचं कोनी टेम्पोत बसनार नाही, सांगून ठेवतो."

शर्यतीच्या दिवशी मी टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसलो, मनात भांडणाची पूर्ण तयारी करून. साकोली थोडी राहिली असताना ते दोघं दिसले. शालिकभाऊ आणि पल्लवी. पल्लवी माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात जाते. तिला सिकलसेल आहे. हा रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ घरांत आहे. थकवा आला, थंडी लागली की हाडं आतून ठणकतात. तिनं भाग घेतल्याचं मला ठाऊकच नव्हतं. एक हात कमरेवर दाबून ती पाय ओढत चालली होती. ओठ कोरडे पडले होते.

मी उतरलो. पण तोंड उघडायच्या आत शालिकभाऊंनीच टेम्पोपुढे हात केला.

"मास्तर, हिले बसवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पल्लवी तर रडायलाच लागली. "काका, तुम्ही कोणालेच सोडत नाही ना? मग मलेच काहून? सगळे मले म्हणतात, तुले जमत नाही, तुले जमत नाही. एकदा तरी पुरं करू द्या. थोडंच राहिलं."

"नाही माय. बस झालं."

"मी चालू शकते!"

शालिकभाऊ तिच्यासमोर डांबरावरच बसले. "आमच्या कौसल्येलेही हेच होतं. कापनी होती. तिचे हात चालून नाही राहिले. मले वाटलं थकली. मी तिची पात ओढली. परत मांगं पडली, परत ओढली. दिवसभर ओढली. लोक म्हनत, शालिक बायकोले किती जपते! पन बांधावर बस, घरी चाल, हे मी एकडाव म्हनलं नाही माय. तिनं पात पुरी केली. मंग ताप भरला. भंडाऱ्याले दवाखान्यात नेलं. घरी मी एकटाच आलो."

त्यांची बायको गेली हे मला ठाऊक होतं. कशी गेली हे इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली होती. पल्लवी डोळे पुसत पुढे आली आणि शालिकभाऊंनी तिला हात देऊन टेम्पोत चढवलं. स्वतः तिच्या बाजूला बसले. मंडपात न थांबता आम्ही सरळ दवाखाना गाठला.

तिथं नर्सनं विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?" मी पुढे झालो, तोवर शालिकभाऊ म्हणाले, "मी हावो." तिला सलाइन लावलं, पांघरूण घातलं. तिचा बाप शेतावरून येईपर्यंत ते स्टुलावरून हलले नाहीत. दुपारनंतर दुखणं उतरलं आणि डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं.

बापानं ऑटो आणला होता. पल्लवीला नीट बसवून शालिकभाऊ वळले आणि एकटेच रस्त्याला लागले.

"बाबा," पल्लवी आतून म्हणाली, "काकाले एकट्याले नका जाऊ देऊ."

बाप धावत गेला. "चाला ना भाऊ, आमच्याकडंच चाला. चार घास खाऊन घ्या."

मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी सांगून सटकणार. पण डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंडाला लावला आणि भर रस्त्यात लहान पोरासारखे रडले. मग पल्लवीनं सरकून जागा केली, आणि ते मुकाट्यानं तिच्याजवळ जाऊन बसले.