डोकं हरवलेला उंदीर

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. पण ही गोष्ट त्याची नाही. उगाच सरसावून बसू नका.

ही गोष्ट आहे त्या जंगलातल्या व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्राची. लाकडी कपाटाएवढं धूड, पुढे काच, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. कधीतरी एक जत्रा वाट चुकून जंगलात शिरली आणि वाघाची डरकाळी ऐकून सामान टाकून पळाली, त्यातलं ते. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. प्राणी बोलतात ते तुम्हाला चालतं, मग विजेनंच काय घोडं मारलंय?

खेळ साधा होता. काचेवर एक उंदीर पळायचा, वरून घार झडप घालायची. घारीला चुकवून उंदराला बिळात पोचवायचं. वाघमहाराज रोज संध्याकाळी खेळायला येत. दिवसभर सगळे त्यांना पाहून पळायचे, त्यामुळे एकदा स्वतः पळून बघायची त्यांना फार हौस होती.

आणि त्या यंत्रासमोर, अगदी खाली, चिमाबाई उंदरीण आपली पिल्लं घेऊन बसायची. अख्ख्या जंगलात उंदीर जिंकतो अशी ती एकच जागा होती. ते बघूनच तिच्या पिल्लांना दुसऱ्या दिवशी बिळाबाहेर पडायचा धीर यायचा.

एके दिवशी काचेवरच्या उंदराचं डोकं दिसेनासं झालं. मागचे पाय आणि शेपूट तेवढी तुरुतुरु पळत होती. कुठे चाललीय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आई, घारीनं डोकं खाल्लं!" पिल्लं किंचाळली आणि बिळात जाऊन बसली. दाणे टिपायलाही बाहेर येईनात. चिमाबाईनं समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी रडली. पिल्लं सुकत चालली.

दरबारात खल झाला. हत्तीनं यंत्राच्या कुशीत एक सणसणीत धपका घातला. कारण त्याच्या वडिलांच्या वेळी तसंच दुरुस्त व्हायचं. मोर म्हणाला, बाहेरून रंग द्या. दिवाण कोल्हे म्हणाले, "डोकं नसलेला उंदीर ही आपली जुनी परंपरा आहे असं जाहीर करू."

चिमाबाई मात्र उठली आणि थेट शिदोबा साळिंदराकडे गेली. शिदोबा यंत्रं दुरुस्त करायचा. कामात पक्का आणि बढाईतही पक्का. "या जंगलात जे जे चालतं ना, ते माझ्यामुळे," असं तो नदीकडे बघूनसुद्धा म्हणायचा.

त्यानं यंत्राची पाठ उघडली. आत एक हिरवा बोर्ड होता आणि त्यावर पाय रोवून बसलेल्या काळ्या आयसींच्या, म्हणजे इवल्या चिपांच्या, रांगा. शिदोबा त्यांना किडे म्हणायचा. त्यानं आधी बोर्डाची कड खोडरबरानं घासली. डोकं आलं नाही. मग आपलाच एक काटा उपटून विजेची कुठली वाट तुटलीय का ते टोचून पाहिलं. नव्हती. मग त्यानं दोन सारखे किडे, एक डोकं काढणारा आणि एक शेपूट काढणारा, आपापल्या खोबणीतून काढले आणि एकमेकांच्या जागी बसवले.

"हे कशाला?" चिमाबाईनं विचारलं.

"किडा आजारी असेल तर आजार त्याच्याबरोबर जाईल. मग डोकं येईल आणि शेपूट जाईल."

काचेवर शेपूट होती तशीच होती. डोकं नव्हतं तसंच नव्हतं.

"म्हणजे किडा ठणठणीत आहे, दोष जागेत आहे," शिदोबा म्हणाला आणि त्यानं डोक्याच्या खोबणीवर बोट दाबलं.

टुणकन डोकं आलं!

"सापडलं! मीच शोधलं!" शिदोबा ओरडला. "खोबणीच्या एका पायाचा टाका सुटलाय. वितळलेल्या कथलाचा एक डाग दिला की काम झालं. मी कथील घेऊन येतो. ए झिपरू, तोवर इथे बोट धरून ठेव."

झिपरू हा तिथे लोंबकळणारा एक वानर. त्यानं बोट ठेवलं.

बाळांनो, इथेच शिदोबाची चूक झाली. बिघडलेली वस्तू तात्पुरती चालू करून कधीही घरी जाऊ नये.

कारण तेवढ्यात महाराज आले. उंदराला डोकं! महाराज भान हरपून खेळले. शिदोबा कथील घेऊन परतला तेव्हा झिपरूच्या गळ्यात हार होता आणि दिवाण कोल्हे 'बोटखात्या'ची घोषणा करत होते.

"अहो, पण मी डाग देतो ना," शिदोबा म्हणाला. "जरा वेळ यंत्र बंद ठेवा."

"यंत्र बंद? महाराजांचा खेळ बंद?" कोल्हे कळवळले. "आणि या वानरांनी काय करायचं?"

तोवर वानर बरेच जमले होते. झिपरूचे भाऊ, मेहुणे, मेहुण्यांचे मेहुणे. कोणी उजव्या बोटाचे, कोणी डाव्या. एक म्हातारा वानर नवोदितांना बोट कसं ताठ ठेवावं ते शिकवायचा.

पण वानरच ते. अधूनमधून कोणालातरी खाज सुटायची, बोट हलायचं आणि डोकं गायब. प्रत्येक वेळी पिल्लं पुन्हा बिळात पळायची, आणि आधीपेक्षा जास्त दिवस बाहेर यायची नाहीत. धाकटं तर उभं राहताना थरथरू लागलं.

चिमाबाई शिदोबाकडे आली. "भर दुपारी सगळे घोरत असतात, तेव्हा डाग द्या ना हो, भाऊजी."

"देतो. पण मग सगळ्यांसमोर सांगणार, की मी दुरुस्त केलं."

"सांगाल, आणि संध्याकाळपर्यंत वानर तो टाका उपटून काढतील. तुमचं नाव हवंय की माझ्या उंदराचं डोकं? दोन्ही मिळायचं नाही."

शिदोबाचे सगळे काटे उभे राहिले. मग हळूहळू बसले.

"पण ते पुन्हा तिथेच दाबत बसतील," तो कुरकुरला. "दाबून दाबून टाका सुटेल."

"त्यांना दाबायला दुसरं काहीतरी द्या."

दुपारी शिदोबानं डाग दिला. मग बोर्डाच्या कडेला, जिथे काहीच जोडलेलं नव्हतं, तिथे एक जळालेला, मेलेला किडा चिकटवला. चिंचेनं घासून त्याचे पाय चकचकीत केले आणि कपाटाला समोरून, बोट त्या किड्यावर पोचेल असं, एक भोक पाडलं.

चिमाबाई कोल्ह्यांकडे गेली. "दिवाणसाहेब, तुमची माणसं बिचारी मागे अंधारात राबतात. महाराजांना दिसतसुद्धा नाहीत. आता समोरच बोट ठेवायची सोय झालीय."

दिवाणसाहेबांना एवढी चांगली कल्पना आपल्याला कशी सुचली, याचं नवल वाटलं.

त्या दिवसापासून वानर मेलेल्या किड्यावर बोट ठेवू लागले. डोकं एकदाही गेलं नाही. महाराजांनी झिपरूचा जाहीर सत्कार ठरवला.

सत्काराच्या वेळी महाराज खेळत होते. झिपरूच्या गळ्यात हार पडला आणि भारावलेल्या झिपरूनं दोन्ही हात जोडले.

दोन्ही!

सभा गार पडली. कोल्हे पांढरे झाले. काचेवर उंदीर मात्र डोक्यासकट बिळात शिरला.

महाराजांनी एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा काचेकडे.

"वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात दरारा. बोट काढलं तरी यंत्र शिस्तीत चालतं!" झिपरूला तिथल्या तिथे बढती मिळाली.

शिदोबानं ओरडायला तोंड उघडलं. चिमाबाईनं त्याच्या पायावर पाय दिला. "मागे बघा," ती पुटपुटली.

मागे उन्हात तिची पिल्लं दाणे टिपत होती. धाकटं सगळ्यांच्या पुढे होतं आणि त्याची मान ताठ होती.

शिदोबानं तोंड मिटलं. फार जड गेलं त्याला, पण मिटलं.

तात्पर्य : मन लावून केलेल्या कामाचं चीज नक्की होतं. फक्त कौतुकही काम करणाऱ्याचंच व्हावं असा हट्ट धरू नये. आणि बाळांनो, मोठेपणी काहीही दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा कथील नसलं तरी चालेल, पण बोट ठेवणाऱ्यांसाठी एक मेलेला किडा आधी शोधून ठेवावा.