काकूंचं मौन आणि चालू कॅमेरा

काकूंनी ठरवलं, की शूटिंगच्या दिवशी सकाळी उठल्यापासून शॉट संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. ठरवलं ते एवढंच. देवापुढे हात जोडून, शांत मनाने केलेला साधा नेम होता. पण साध्या गोष्टींचं असं असतं, की घरातून निघताना त्या सुतळीएवढ्या असतात आणि परत येतात तेव्हा त्यांचा दोरखंड झालेला असतो.

(नेमांची काकूंना सवय होती. मुलीच्या परीक्षेसाठी त्यांनी गोड सोडलं होतं आणि काकांच्या बढतीसाठी चपला. मुलगी पास झाली. बढतीला मात्र उशीर झाला, आणि काकूंच्या टाचांना तो काळ अजून आठवतो.)

या नेमाला कारण होतं. व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजात काकू ‘स्क्रीन आणि मीडिया प्रॉडक्शन’चा कोर्स करत होत्या. वर्गातली सगळी मुलं त्यांच्या मुलीच्या वयाची, म्हणून पहिल्याच दिवशी त्या सगळ्या कॉलेजच्या काकू झाल्या आणि घरी बसलेले त्यांचे यजमान आपोआप काका. काकूंची नजर चांगली होती, मेहनत करायला त्या मागे हटत नव्हत्या. एकच खोट होती. कॅमेरा चालू असताना त्यांना गप्प बसवत नसे.

साउंडच्या सरांनी एकदा त्यांना एडिटिंगच्या खोलीत बोलावून घेतलं.

“काकू, हा आवाज कुणाचा?”

पडद्यावर एक मुलगी उदास चेहऱ्याने जिना उतरत होती, आणि कुठूनसं कुणीतरी सांगत होतं, ‘सावकाश गं बाई, तिसरी पायरी हलते.’

“माझाच वाटतो,” काकू म्हणाल्या. “पण सर, ती पायरी खरंच हलते.”

“आणि हा? रिकाम्या मैदानाचा शॉट आहे. चिटपाखरू नाही. मग ‘किती छान’ कोण म्हणतंय?”

“ते मी मनातल्या मनात म्हटलं होतं, सर.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस भला होता. “काकू, शेवटच्या परीक्षेला एकच फिल्म, तीही एकाच शॉटची. मध्ये कापायचं नाही, जोडायचं नाही. त्यात तुमचा आवाज आला, तर तो मला पुसता येणार नाही. आणि तुम्हाला पास करता येणार नाही.”

काकू घरी येऊन थेट देवापुढे बसल्या. लग्न झालं तेव्हा त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. लग्नपत्रिकेनंतर छापील कागदावर त्यांचं नाव पुन्हा म्हणून आलं नव्हतं. कोर्सच्या सर्टिफिकेटवर ते येणार होतं, आणि ही जीभ ते येऊ देत नव्हती. मग जिभेला कुलूप घालणं आलंच. घेतला वसा टाकायचा नाही, ही तर काकूंची ख्याती.

फिल्मचं नाव होतं ‘वाट’. म्हातारी आई खिडकीशी बसली आहे. मुलगा येतो. आई विचारते, “जेवलास का?” मुलगा म्हणतो, “हो.” तो जेवलेला नसतो, त्याची नोकरी गेलेली असते, आणि आईला ते कळलेलं असतं. दोघं एकमेकांकडे बघतात. कट. लिहितानाच काकूंना दोनदा रडू आलं होतं. मुलाचं काम काकांना दिलं, कारण नोकरी गेल्यासारखा चेहरा त्यांचा मुळातच होता. आईच्या कामाला सासूबाई काही केल्या तयार होईनात.

“या वयात मला नाचवू नकोस,” त्या म्हणाल्या.

“नाचायचं नाही, आई. नुसतं बसायचं आहे. आणि त्या दिवशी माझं मौन आहे.”

“म्हणजे तू बोलणार नाहीस?”

“नाही.”

“शॉट संपेपर्यंत?”

“तोवर एक शब्द नाही.”

“मग करते,” सासूबाई म्हणाल्या.

आदल्या दिवशी काकूंनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. त्यांचा हात वर गेला की सुरू, हात खाली आला की कट. आणि कॉलेजचा पहिला नियम त्यांनी घरच्यांकडून घोटून घेतला: दिग्दर्शक थांबवत नाही तोवर थांबायचं नाही, छत कोसळलं तरी. कॅमेऱ्याकडे तर चुकूनही बघायचं नाही. काकांनी तो नियम रात्री झोपेतही म्हटला.

दुसऱ्या दिवशी वर्गातली दोघं सामान घेऊन आली. कॅमेरा सांभाळणारी मुलगी उंच आणि काटकुळी, तिला सगळे तिपाई म्हणत. आवाज घेणाऱ्या मुलाचं नाव कानसेन पडलं होतं. तो हेडफोन लावला की डोळे मिटून घ्यायचा. म्हणायचा, बघत बसलं की नीट ऐकू येत नाही. कॅमेरा संध्याकाळी पाचच्या आत परत द्यायचा होता, दुसऱ्या तुकडीचं शूटिंग होतं.

वेळ भरपूर होता. तो काकूंच्या मौनाने खाल्ला.

खुर्ची जराशी डावीकडे हवी होती. काकूंनी हाताने दाखवलं. काकांनी स्टूल आणलं. काकूंनी मान हलवली. काकांनी स्टूल ठेवलं आणि कपाट ओढायला घेतलं. पडदा थोडा ओढायचा होता म्हणून काकूंनी कपाळावर हात आडवा धरला, तर सासूबाईंनी बामची बाटली पुढे केली.

“काकू, कागदावर लिहून सांगा ना,” तिपाई काकुळतीला आली.

काकूंनी ठामपणे नकार दिला. तोंडाने बोलायचं नाही आणि कागदावर बोलायचं, ही पळवाट झाली. देवाला वाचता येतं.

असं करत खुर्ची, पडदा आणि दिवा जागेवर यायला चार वाजून गेले. कॅमेरा तेवढा वेळ चालूच असल्याने बॅटरी संपत आली होती. म्हणजे एकच संधी. काकू दिव्याच्या स्टँडमागे, कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून पुढे यायचं तर दिवा आडवा झाला असता. त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं (मनात, आणि या वेळी खरंच मनात), आणि हात वर केला.

सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. सासूबाई खिडकीशी अशा बसल्या, की जन्मभर वाटच बघत असाव्यात. काका दारातून आले, खांदे पाडून उभे राहिले.

“जेवलास का?”

“हो.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काकूंच्या अंगावर काटा आला. त्यांनी हात खाली आणला.

काहीच थांबलं नाही.

आत्ता कुठे काकूंच्या ध्यानात आलं, की सुरू करताना सगळे त्यांच्याकडे बघत होते, पण आता बघणारं कुणीच नव्हतं. तिपाईचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता. कानसेनने डोळे मिटले होते. आणि घरच्या दोघांना इकडे बघायची बंदी खुद्द काकूंनीच घातली होती. त्यांनी हात पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला. मग पंखा फिरावा तसा फिरवला. काकांच्या कपाळावर घाम आला. पण छत अजून कोसळलेलं नव्हतं, आणि कोसळलं तरी थांबायचं नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी पुढाकार घेतला.

“काय जेवलास?”

काका गांगरले. संवादात हे नव्हतं. “भात.”

“कुठे?”

“ऑफिसात.”

“ऑफिसात भात कोण वाढतं तुला?”

काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि जे काही हाताशी होतं ते वापरून टाकलं. “आई, माझी नोकरी गेली.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात.”

“मग रोज डबा कुणासाठी नेतोस?”

काकूंचं धैर्य सुटलं. दोन्ही हात उचलून त्यांनी जोरात टाळी वाजवली. आता तरी कुणी वळून बघेल. पण कॉलेजात टाळी वाजली की शॉट सुरू होतो, हेही काकूंनीच घरी शिकवलेलं. काका आज्ञाधारकपणे दाराबाहेर गेले आणि खांदे पाडून पुन्हा आत आले.

सासूबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “आता कुठून आलास?”

“बाहेरून.”

“जेवलास का, ते विचारणार नाही. तू खोटं सांगतोस.”

काकांकडे होता नव्हता तो मजकूर संपला होता. “आई, ही कुठे गेली?”

“कॉलेजला. आणि तू तुझ्या ऑफिसात सांगत फिरतोस, की ती शिवणाच्या क्लासला जाते.”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. हा काही अभिनय नव्हता. “तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या साहेबांची बायको आली होती. पडदे शिवून मिळतील का, विचारत होती.”

“मला ते नाव नीट येत नाही गं, आई. स्क्रीन म्हणतो आणि पुढचं विसरतो.”

“मला येतं. स्क्रीन आणि मीडिया प्रॉडक्शन,” सासूबाई म्हणाल्या, एकही अक्षर न अडखळता. मग खिडकीकडे वळून, जरा हळू आवाजात, “ती कॉलेजला जाते तेव्हा घर गप्प होतं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. एवढी वर्षं हेच तर मागत होते देवाकडे. पण इतकी शांतता, की घड्याळ टिकटिकलं तरी त्याचा राग येतो. पोरगी परत येऊन जिन्यात कुणाशी तरी बोलायला लागली, की मग मी चहा टाकते.”

“हे तिला सांगितलंस कधी?”

“वेडा आहेस का? डोक्यावर बसेल.”

कपाट आणि भिंतीच्या मध्ये काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ‘आई’ हा शब्द घशातून निघून जिभेच्या टोकापर्यंत आला होता. एक शब्द, आणि सगळं थांबलं असतं. पण एक शब्द, आणि नेम गेला, सर्टिफिकेट गेलं. काकूंनी ओठ दातांखाली धरले आणि हात तेवढे हलवत राहिल्या. थांबवायला की नमस्कारासाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कॅमेऱ्याने एक बारीक किंचाळी फोडली आणि डोळा मिटला.

“बॅटरी गेली,” तिपाई म्हणाली आणि वळली. “काकू, तुम्ही कट का नाही केलं?”

“कट,” काकू म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या.

पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. दुसरी बॅटरी नव्हती, कापायची परवानगी नव्हती. जे झालं तेच जमा करायचं होतं. काकूंनी ते जमा केलं आणि आशा सोडली नाही. (आशा सोडण्याचा नेम त्यांनी कधी केला नव्हता.)

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. ‘वाट’ सुरू झाली आणि “ऑफिसात भात कोण वाढतं तुला?” इथे हॉलमध्ये पहिला हशा उसळला. काका दुसऱ्यांदा दारातून आत आले तेव्हा मागच्या रांगेतला एक विद्यार्थी खुर्चीवरून घसरला. काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांनी शोकांतिका केली होती. मग हशा हळूहळू विरला, सासूबाई खिडकीकडे बघून बोलत होत्या, आणि हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

परीक्षक म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी माईक हातात घेतला.

“पार्श्वसंगीत कुणाचं आहे?”

फिल्मला संगीत दिलेलंच नव्हतं. साउंडच्या सरांनी फिल्म पुन्हा लावली. आणि मग सगळ्यांना ऐकू आलं: पहिल्या ‘हो’नंतर एक बारीक किणकिण सुरू होते, वाढत जाते, टाळीनंतर तर पिसाटते, आणि शेवटी थरथरत राहते.

“आईच्या मनातली घालमेल बांगड्यांच्या आवाजातून,” परीक्षक बाई म्हणाल्या. “फार विचारपूर्वक केलंय.”

काकूंनी दोन्ही हात हळूच ओढणीखाली घेतले.

“माझ्याकडे अख्खा ट्रॅक आहे,” कानसेन भारावून कुजबुजला. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम वाजवताय.”

“आणि आवाज नाही हं, काकू,” साउंडचे सर म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “तुमचा एक शब्द नाही. पास.”

अभिनयात सासूबाई पहिल्या आल्या, संगीतात बांगड्या. दिग्दर्शनाबद्दल परीक्षक बाईंनी एकच वाक्य उच्चारलं: “दिग्दर्शन असं असावं, की दिग्दर्शक आहे हे कुठे जाणवूच नये.”

काकूंनी ते वाक्य परतीच्या वाटेवर काकांना दोनदा, तिपाईला फोनवर एकदा आणि घराच्या जिन्यात शेजारणीला एकदा ऐकवलं. सासूबाई कठड्याला धरून पायरी पायरी चढत होत्या. वर पोचल्यावर त्या थांबल्या, दम घेतला.

“म्हणजे तू नसतीस तरी चाललं असतं, असंच ना म्हणाल्या त्या?”

काकू विचारात पडल्या. “तसं नाही हं, आई. मी नसते तर तो कपाटाशेजारचा कोपरा रिकामा दिसला असता.”

“तो कोपरा शॉटमध्ये नव्हता,” काका म्हणाले, आणि त्यांनी कुलूप उघडलं.