विहिणीचं ताट

घोडा जे खाईल तसा वागतो, हे वाघेरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे भर लग्नात विहिणीचं ताट घोडीने फस्त केलं, तेव्हा आता विहीण कोण, यावर मांडवात दुमत झालं नाही. हेडमास्तरांचा डबा खाल्लेला टांग्याचा घोडा चौकाचौकात थांबून पोरांची नखं तपासत असे. एकादशीची खिचडी खाल्लेल्या एका घोड्याने चामड्याचं खोगीर पाठीला लावू दिलं नव्हतं. गावाने याचं कधी कौतुक केलं नाही की तक्रार केली नाही. जनावराचं दाणापाणी सांभाळावं, एवढंच.

चूक खरं तर अनसूयाबाईंची. त्या नवऱ्या मुलाची आई. त्यांच्या स्वतःच्या लग्नात सासूबाई तिसऱ्या बोलावण्याला पानावर आल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या आपली पाळी यायची वाट पाहत होत्या. आरशासमोर बसून त्यांनी रुसण्याची तयारीही केली होती. मुलीची आई दोनदा येऊन "चला ना विहीणबाई, पानं वाढलीत," म्हणून गेली, तरी बाई कपाळाला बाम लावून ढिम्म बसल्या. बाहेर चांदीचं ताट, भोवती रांगोळी, ताटात मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबीची रास. वरातीसाठी आणलेली बिजली नावाची घोडी मांडवामागे बांधली होती. तिला कुणी एकदाही बोलावलं नाही. ती आपली आपण आली.

तिसरं बोलावणं काही येईना, तेव्हा बाई स्वतःच उठून बाहेर आल्या. बघतात तर मुलीचे वडील त्र्यंबकराव घोडीपुढे हात जोडून उभे, आणि घोडी भिंतीकडे तोंड करून.

"आमचं काय चुकलं ते तरी सांगा," त्र्यंबकराव घोडीला म्हणत होते.

"अहो, विहीण मी आहे!" अनसूयाबाई म्हणाल्या.

लग्न लावणाऱ्या गुरुजींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "आपलं जेवण झालं?"

"नाही."

"मग कसं म्हणता? ताट ज्याच्या पोटात, मान त्याचा. आपण वऱ्हाडात बसा. दुसरी पंगत मांडतायत."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नारायणराव म्हणाले, "गुरुजींचं नियमाला धरून आहे, हो," आणि घोडीशेजारी फोटोला जाऊन उभे राहिले.

मुलीच्या आईने घोडीचे पाय धुतले. पाय चार असल्यामुळे आणखी एक तांब्या मागवावा लागला. मग पैठणी पुढे केली. घोडीने ती हुंगली आणि मान फिरवली. "रंग पसंत नाही वाटतं," बायका कुजबुजल्या. अनसूयाबाईंनी नेमका तोच रंग नापसंत करायचं ठरवलं होतं. घोडी रुसत होतीही इतकी सुरेख, की बाईंना रडूच फुटलं. इतक्या वर्षांची हौस, आणि ती डोळ्यांदेखत दुसरीच कुणी फेडून घेत होती.

डोळे पुसून त्यांनी घोडीच्या मालकाला, उस्मानचाचांना, गाठलं. "हे किती वेळ टिकतं?"

"पोटात हाय तोवर, भाभी. जिलबी हाय ना, उद्यापर्यंत काय उतरत नाय."

"आणि मधे दुसरं काही खाल्लं तर?"

"मग तसं वागंल. शेवटचं जे खाल्लं, त्याचंच चालतं."

बाई रडायच्या थांबल्या.

बऱ्याच मनधरणीनंतर घोडी निघाली. नवरदेवाला, म्हणजे हेमंतला, मात्र तिने पाठीवर बसू दिलं नाही. लग्न झालेल्या मुलाने आईच्या पाठीवर बसणं शोभत नाही, असं गुरुजींनीही सांगितलं. तेव्हा हेमंत आणि त्याची नवी नवरी रेवती पायीच चालले. पुढे अंगावर पैठणी घातलेली घोडी, आणि सगळ्यांत मागे, बॅन्डवाल्यांच्याही मागे, अनसूयाबाई. स्वतःच्या घराच्या दारात त्यांना एका पाहुणीने विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या हो?"

रेवती माप ओलांडून आत आली. आता त्या घरच्या रीतीप्रमाणे सासूने सुनेला दहीभाताचा घास भरवायचा. सासू दारातच उभी होती, पण तिला हात नव्हते. या अडचणीवर गुरुजी विचार करू लागले, तेवढ्यात अनसूयाबाई गर्दीतून मुसंडी मारून पुढे आल्या. त्यांनी वाटी उचलली, घासाचे दोन भाग केले. एक रेवतीच्या तोंडात घातला, एक घोडीच्या.

घोडीने घास गिळला. मग तिने मान खाली घातली, पुढचे गुडघे टेकले आणि बाईंच्या पावलांवर डोकं ठेवलं.

"सून," गुरुजी म्हणाले. "घास कुणी भरवला?"

"मी."

"मग सासू आपण. यात वाद नाही."

"पण गुरुजी, माझं लग्न..." हेमंत चाचरत म्हणाला.

"विधी एकीशीच झालेत. ही नुसती घासाने आलेली. संसार एकीशी, नमस्कार मात्र दोघींचे."

रेवती हुशार मुलगी. मागे पडायला नको म्हणून तीही लगेच वाकली. अनसूयाबाईंचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी घरातलं कुणी उठायच्या आत त्यांनी घोडीला आणखी एक घास भरवून ठेवला. दोन्ही सुना त्यांच्या मनात भरल्या होत्या. रेवती चहा फक्कड करायची, आणि बिजली उलट बोलायची नाही.

दुपारी उस्मानचाचा आले. "भाभी, घोडी सोडा. संध्याकाळी माळावरच्या वस्तीत वरात हाय. पोटाचा सवाल हाय माझ्या."

"घोडी कुठली? सून आहे ती आमची," अनसूयाबाई म्हणाल्या. "असं हात हलवत येऊन कुणाची सून नेतात का? घरच्यांना आणा. रीतीने विचारा."

उस्मानचाचा जवळजवळ पळतच घरी गेले आणि बायकोला, झुबेदाबींना, घेऊन आले. दोघांनी दारात चपला काढल्या. झुबेदाबींच्या हातात केळ्यांची फणी होती.

"विहीणबाई," त्या अदबीने म्हणाल्या, "पोरीला दोन दिवस माहेरी पाठवता का?"

अनसूयाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वरात संध्याकाळची होती. अजून पुष्कळ वेळ होता.